वरून लावायचं, तरी औषधच

फलटण,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "सुनेनं गुडघ्याला लावायची ट्यूब आणलीय, वारीच्या पिशवीत टाकून ठेवलीय. वरून लावायचं तर आहे, त्यात काय विचारायचं?" काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. रात्री दुकानाचं शटर ओढून घरी आले, जेवले, अंथरुणावर पडले, तरी तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून उठून हे पत्र लिहायला बसले. फोनवरचं बोलणं विसरायला होतं, कागद औषधांच्या डब्यात राहतो. डोळ्यांना त्रास झाला तर सुनेकडून मोठ्यानं वाचून घे. यातलं बरंचसं तिच्यासाठी आणि काकांसाठीही आहे.

"वरून लावायचं तर आहे." मावशी, हेच वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलं होतं.

आईच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा तू महिनाभर पुण्याला येऊन राहिली होतीस. धातूची झडप बसवली आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, वॉरफेरिन. ती जन्मभराची. या गोळीचं माप फार नाजूक असतं. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून आयएनआर नावाची तपासणी करत राहायची आणि आईसारख्यांचा तो आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवायचा. आईनं हे सगळं किती नेमानं सांभाळलं ते तू पाहिलंयस. पालेभाजी एक दिवस खूप आणि एक दिवस अजिबात नाही, असं तिनं कधी केलं नाही. गोळीची वेळ चुकवली नाही.

एका हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. शेजारच्या बाईंनी एक बाम आणून दिला. तिला त्यानं बरं वाटलं. मग सकाळ, दुपार, रात्र ती तो जिरेपर्यंत चोळायची आणि वरून लोकरीचा पट्टा बांधायची. बाटली संपली तेव्हा दुसरी मीच माझ्या दुकानातून नेऊन दिली. तीनेक आठवड्यांनी तिची वेणी घालत होते. पदर सरकला आणि दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. "कुठं आपटलीस?" "कुठंच नाही गं." दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी गुलाबी झालं.

आयएनआर सातच्या पुढे गेला होता. डॉक्टरांनी नीट विचारलं: नवीन गोळी? अँटिबायोटिक? काही चूर्ण, काढा? आई म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. दोघीही खरंच बोलत होतो, कारण दोघींच्या मनात 'औषध' म्हणजे पोटात घ्यायचं तेवढंच. रात्री दवाखान्याच्या खोलीतला दिवा मालवल्यावर आईनं सवयीनं पिशवीतून बाम काढला आणि झाकण उघडलं. तो वास सगळ्या खोलीत पसरला. गोडसर, तिखट, नाकात घुसणारा. तो वास मी बी. फार्मसीच्या प्रयोगशाळेत शिकले होते. मिथाइल सॅलिसिलेट. ऍस्पिरिनचं सख्खं भावंड. मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि तशीच नर्सकडे गेले.

आई त्यातून बरी झाली. गोळी काही दिवस थांबवली, व्हिटॅमिन के दिलं, आकडा जागेवर आला. पण मी तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली. माझ्या काउंटरवरून बामची बाटलीसुद्धा "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारल्याशिवाय जात नाही. आणि गेल्या दिवाळीपासून तुझ्याही डब्यात ती रक्त पातळ करायची गोळी आली आहे. आता कळलं ना, मला झोप का येईना?

तेव्हा पहिलं सांगणं असं. ट्यूब उघडण्याआधी तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच, भिंग घेऊन वाच. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक जेलमध्ये चार गोष्टी असतात: डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच, जे दुखण्याच्या गोळीत आणि इंजेक्शनात असतं. मेंथॉल म्हणजे पुदिन्याचं सत्त्व. आणि मिथाइल सॅलिसिलेट कोणतं ते तुला आता ठाऊक आहे.

इथं एक मेख आहे. आयुर्वेदिक लिहिलेल्या मलमावर तुला मिथाइल सॅलिसिलेट हा शब्द दिसणार नाही. तिथं 'गंधपुरा तेल' लिहिलेलं असतं. गंधपुरा हे हिमालयात, खासी टेकड्यांत, निलगिरीत वाढणारं झुडूप, आणि त्याच्या पानांच्या तेलात जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. म्हणजे सकाळी डॉक्टरांचं जेल, दुपारी आयुर्वेदिक मलम आणि रात्री बाम, असं तीन नावांनी तू एकच वस्तू तीनदा लावत असतेस. झाडाचं आहे म्हणून ते सौम्य होत नाही. एका वेळी एकच औषध, हा नियम इथंही पाळायचा. शिवाय दुखण्याची गोळी चालू असेल तर त्याच जातीचं जेल वर लावायचं का, हे डॉक्टरांना विचारायचं. आणि तू रक्ताची गोळी घेतेस, म्हणून तुला तर कोणतंही जेल विचारल्याशिवाय लावायचंच नाही. डॉक्टर "चालेल" म्हणाले तर आनंदानं लाव. पण विचारताना ट्यूब हातात घेऊन जा, 'एक मलम आहे' एवढ्यानं त्यांनाही कळत नाही.

तू म्हणशील, कातडीतून असं जातं तरी किती? रास्त प्रश्न आहे. डायक्लोफेनॅकचं जेल नेमून दिलेल्या मापात लावलं तर गोळी घेतल्यावर रक्तात जेवढं औषध उतरतं, त्याच्या साधारण ६ टक्केच उतरतं. म्हणूनच वयस्क माणसाच्या गुडघ्याला गोळीपेक्षा जेल बरं, असं डॉक्टर सांगतात, आणि मीही सांगते. मी जेलच्या विरुद्ध नाही गं. पण हा हिशेब धडधाकट कातडीचा आणि ठरलेल्या मापाचा. ओरखडा असला, इसब असलं, कातडी गरम असली, जोरात रगडलं, वर घट्ट गुंडाळलं, की हिशेब बदलतो. २००७ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये सतरा वर्षांची एक धावपटू मुलगी गेली. सरावानं पाय दुखायचे म्हणून ती स्नायूंवर लावायची वेगवेगळी मलमं भरपूर वापरायची. मिथाइल सॅलिसिलेट अंगात फार झालं, असं तिथल्या वैद्यकीय तपासणीत निघालं. इतकी तरणीताठी पोर. असं फार क्वचित घडतं, पण त्या घरासाठी तो क्वचितपणा काय कामाचा?

आता जेल लावल्यावर थंडगार वाटतं, त्याबद्दल. मावशी, थंड वाटतं, थंड होत नाही. कातडीखालच्या नसांना गारवा कळायची जी जागा आहे, तिलाच मेंथॉल हात लावतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तसंच उष्णता कळायच्या जागेला हात लावतं. या दोन्ही जागा शोधून काढण्यात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाला २०२१ सालच्या नोबेलमध्ये मान मिळाला. आपल्याला एवढंच कळलं तरी पुरे, की तो गारवा म्हणजे सूज उतरल्याची खूण नाही आणि ती जळजळ म्हणजे औषध चांगलं 'लागू पडल्याची' खूण नाही. थोडीशी चुणचुण ठीक. आग होत असेल, लाल झालं, फोड उठला, तर ते पुसून साबण आणि साध्या गार पाण्यानं धुऊन टाकायचं आणि दाखवायचं. "सोसून घेते, उतरेल" असं करायचं नाही. सोसायची सवय तुला फार आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशाच मलमांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. दुकानात सहज मिळणाऱ्या मलमांनी आणि पट्ट्यांनी कातडी भाजल्याच्या ४३ च्या आसपास तक्रारी त्यांच्याकडे होत्या. बऱ्याच जणांना पहिल्यांदाच लावल्यावर चोवीस तासांच्या आत भाजलं होतं. जास्त त्रास कशात, तर मेंथॉल ३ टक्क्यांच्या वर असलेल्यांत आणि मेंथॉलबरोबर मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांच्या वर असलेल्यांत. आपल्या ट्यूबवरचे आकडे मी वर लिहिलेत, मागे जाऊन ताडून बघ. लाखो लोक ही मलमं लावतात, त्यांतल्या फार थोड्यांना असं होतं. पण त्या थोड्यांत आपण आहोत की नाही, हे लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून नवीन ट्यूब आली की आधी मनगटाच्या आतल्या बाजूला, मसुरीच्या दाण्याएवढं लाव आणि एक दिवस थांब. काही झालं नाही तर मग गुडघ्याला.

आणि जेल लावल्यावर गरम पाण्याची पिशवी नको. विजेचा शेकायचा पट्टाही नको. मला माहितेय तुझी रात्रीची रीत: आधी कढत पाण्यानं अंघोळ, मग मलम, मग पिशवी, वर क्रेप बँडेज. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी बरी आहे. एकत्र आल्या की कातडी गरम, रक्त वर आलेलं, वाफ बाहेर जायला वाट नाही, आणि औषध सगळं आत. शेकायचं असेल तर शेक, पण त्या वेळी मलम नको. मलम लावायचं तर कातडी कोरडी आणि नेहमीइतकी गार हवी. लावून झाल्यावर दहा मिनिटं गुडघा उघडा ठेव, मग पातळ खाली सोड. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळणं तर कुणालाच कधी करू देऊ नकोस. अमेरिकेत बावीस आणि पंचवीस वर्षांच्या दोन मुलींनी लेसर करून घेण्याआधी पायांना भूल देणारं लिडोकेनचं मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले आणि दोघीही वाचल्या नाहीत. तेही वरून लावायचंच औषध होतं.

माप आणि दिवस यांचंही सांगते. डायक्लोफेनॅकच्या जेलचं नेहमीचं माप एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. दुकानातली छोटी ट्यूब ३० ग्रॅमची असते. एका गुडघ्याला तीनदा पूर्ण माप लावलं तर ती अडीच दिवसांत संपेल. हे यासाठी सांगतेय, की ट्यूब कशी झरझर संपतेय यावर तुझं लक्ष राहील. वेष्टनावर किंवा चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच. जास्त लावून जास्त आराम पडत नाही. हलक्या हातानं पसरायचं, रगडायचं नाही. आठवडाभरात उतार नाही पडला तर ट्यूब बदलत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

आणखी चार प्रश्न असे आहेत, जे मी काउंटरवर प्रत्येकाला विचारते. ऍस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीनं कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का? दमा आहे का? पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे का? आणि लावायच्या जागी चिरलं, खरचटलं, खाजवलं आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तर मी ट्यूब देत नाही, आधी डॉक्टरांना विचारायला सांगते. कुणी कुणी चिडतात. चिडू देत.

आता तुमच्या घरातल्या एकेकाचं.

काकांना इतकी वर्षं साखर आहे. त्यांचे तळपाय रात्री जळजळतात म्हणून ते अधूनमधून तुझाच बाम चोळून घेतात, हे मी गणपतीत आले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ते बंद कर. त्यांच्या तळपायाला चटका कळत नाही. मागे चपलेतला खिळा टोचून रक्त आलं तरी त्यांना कळलं नव्हतं, आठवतंय? ज्या पायाला खिळा कळत नाही, त्याला मलमाचं भाजणं कसं कळणार? ती जळजळ साखरेनं नसा दुखावल्याची आहे, तिची औषधं वेगळी. डॉक्टरांना पाय दाखवायचे, रोज रात्री तळवे आरशात बघायचे.

सुनेला सातवा लागलाय. कंबर दुखणारच, पोटाचं ओझं तिथंच येतं. पण तुझ्या पिशवीतली ट्यूब तिच्या कमरेला लावायची नाही. या जातीच्या वेदनाशामकांबद्दल २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं, की विसाव्या आठवड्यापासून पुढे ती टाळावीत, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक धोका आहे. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची असते, ती पोटात असतानाच आकसू शकते. गोळीपेक्षा जेलमधून औषध कमी जातं हे खरं, तरी शेवटच्या तिमाहीत डायक्लोफेनॅकचं जेलही लावू नये असंच सांगतात. तिच्या पाठीमागे उशी दे, कुशीवर निजायला सांग, आणि तरी राहिलं तर तिच्या डॉक्टरीणबाई सांगतील ते. पुढे बाळ झालं की त्याच्या नाकाखाली, छातीवर बाम किंवा कापराचं तेल लावू नका. आपल्याकडे सर्दी झाली की लगेच हात तिकडे जातो. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला कापूर आणि मेंथॉल नकोच. त्यानं श्वास अडतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

मोठा नातू तीन वर्षांचा, त्याचा हात आता कुठंही पोचतो. शेल्फवर गंधपुऱ्याच्या तेलाची ती छोटी बाटली मी पाहिली होती, सैल बुचाची. तिला आज, पत्र वाचून झाल्याबरोबर, कुलपात टाक. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीस-एकवीस ऍस्पिरिनच्या गोळ्या. एवढ्यानं लहान मूल दगावू शकतं. वास गोड आहे, गोळ्याबिस्किटांसारखा. देव करो आणि कधी असं न होवो, पण झालं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठपाणी पाजू नका. बाटली हातात घ्या आणि तडक दवाखाना गाठा. आणि दुखण्याची ट्यूब बेसिनवर टूथपेस्टशेजारी ठेवत असाल तर तीही उचला. चष्मा नसताना जेल ब्रशावर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

मांजराचंही सांगते, कारण तुझी मनी तुझ्या मांडीवर, गुडघ्याला टेकूनच निजते आणि हात चाटते. २०१५ साली अमेरिकेत दोन घरांतल्या मांजरांचं कळलं. मालक स्वतःच्या दुखऱ्या जागी फ्लर्बीप्रोफेनचं मलम लावत होते, मांजरांना कुणी लावलं नव्हतं. मूत्रपिंडं बिघडून तीन मांजरं मेली. तुला हे खरं वाटायला अवघड जाऊ नये. तुमच्या म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडं जपायला माणसांनी किती कष्ट घेतले, ते तूच मला सांगितलंस. गिधाडं कशानं संपली? गुराढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं. ते मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. आपल्या गुडघ्याला उतार देणारी वस्तू दुसऱ्या जिवाला विष होऊ शकते. लावलं की मनीला तासभर मांडीवर घेऊ नकोस.

हात धुणं तर तुला सांगायला नको. मिरच्या चिरल्यावर तू जसे हात धुतेस आणि तरी डोळ्याला लावत नाहीस, तसंच इथं. नुसत्या पाण्यानं मिरची जात नाही, साबण लागतो. हे मलमही तसंच. जेल बोटांच्या सांध्यांनाच लावलं असेल तर लगेच धुऊ नकोस, तासभर जाऊ दे, पण तेवढ्यात भाकरी थापायला बसू नकोस.

आणि एक, जे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जेलचा, मलमाचा अंश कापडात मुरला की ते कापड लवकर पेट घेतं आणि भरभर जळतं. पहाटे तू गुडघ्यांना लावतेस आणि तशीच देवघरात निरांजन लावायला बसतेस. आधी पूजा, मग मलम, असा क्रम ठेव. मलमाचं पातळ वरचेवर धू. फवारा असेल तर शेगडीजवळ अजिबात नको.

आता वारी. तुझा उत्साह बघून मला फार बरं वाटतं, म्हणून अडवत नाही. पण दिवे घाट चढून आलीस की सासवडला कुणीतरी बिनलेबलच्या बाटलीतलं तेल पायाला लावायला पुढे येईल. सेवेचा भाव खरा असतो, त्याला हात जोडावेत. पण बाटलीत काय आहे ते सांगता येत नसेल तर म्हणावं, "माउली, नुसते पाय दाबा, तेल नको." फोड आलेल्या, सोललेल्या तळव्याला तर कोणतंच दुखण्याचं मलम नको. केटोप्रोफेन असलेलं जेल लावून उन्हात चालायचं नाही. त्यानं उघड्या कातडीवर उन्हाचे फोड उठतात, आकाश ढगाळ असलं तरी, आणि जेल थांबवल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते.

आणि वाटेत असं काही दुखलं, जे मलमाचं नव्हे, ते ओळख. छातीत, डाव्या खांद्यात, जबड्यात दुखून घाम फुटला, तर बाम चोळत बसू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, तापली, तर चोळूच नये, आत गुठळी असू शकते. पडल्यावर पायावर भारच देता येत नसेल, सांधा लाल होऊन ताप आला, पाठ दुखताना लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय बधिर पडला, एका पट्ट्यात आग होऊन दोन दिवसांनी पुरळ उठलं, तर दवाखाना. मलमानं दुखणं दबतं आणि वेळ जातो. ही वेळच मोलाची असते.

औषधानं काही वावगं झालं तर सुनेला १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवायला सांग. देशभरातल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तिथं होते, पैसे पडत नाहीत. आईच्या वेळी मला ते करता आलं नाही, याची हळहळ अजून आहे.

पाकिटात एक चिठ्ठी घातलीय. ती उघडून बघ, ओळखीची वाटेल. त्या दुखण्यातून उठल्यावर आईनं मला तिच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात आतून कागद चिकटवायला लावला होता. मी गोळ्यांची नावं लिहिली, तेव्हा म्हणाली, "शेजारी आणखी एक रेघ ओढ. 'घेते' च्या शेजारी 'लावते' लिही." पुढे ती नऊ वर्षं राहिली, आणि प्रत्येक तपासणीला डबाच घेऊन जायची. झाकण उघडून डॉक्टरांपुढे धरायची. तोच डबा आता माझ्याकडे आहे. तिच्या चिठ्ठीसारखीच रेघा ओढलेली कोरी चिठ्ठी तुला पाठवतेय. दोन्ही बाजू भर आणि आळंदीला निघायच्या आधी डॉक्टरांना दाखव. ट्यूब चालणार असेल तर 'लावते' खाली तारीख टाकून तिचं नाव लिही, नसेल तर ती घरीच राहू दे.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघून, तरडगावचा मुक्काम करून पालखी फलटणला येईल, तेव्हा माझ्याकडे उतर. कोमट पाण्यात मीठ टाकून ठेवते, तुझे पाय मीच दाबीन. आणि येताना डबा घेऊन ये.

ती. काकांना नमस्कार. सुनेला जपा. नातवाला गोड पापा.

तुझी,
भाची